तळ्याच्या तळाशी नणंद

समुद्र नसलेल्या शहरात पाणबुड्यांची टोळी कशी जमवतात, हे मला विचारा. नाही विचारलंत तरी मी सांगणारच आहे. गेल्या वर्षी होळी झाल्यावर आम्ही जे काही केलं ते आठवलं की अजून मला ऑफिसात बसल्याबसल्या हसू फुटतं, आणि समोर उभा असलेला अवर सचिव आपल्या शर्टावर काही सांडलंय का ते बघायला लागतो.

मी दिल्लीत कोपर्निकस मार्गावर, आपल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहात नोकरी करते. काम म्हणजे खोल्या वाटायच्या. कुठला अधिकारी कुठे, कुणाला खिडकी लागते, कोण कुणाच्या शेजारी चालत नाही, कुणाच्या घोरण्याने पलीकडच्या खोलीतला माणूस जागा राहतो, हे सगळं माझ्या डोक्यात असतं. राहायला आम्ही गाझियाबादला. मी आणि नवरा, आणि त्याच सोसायटीत दोन टॉवर सोडून माझी नणंद. नवऱ्याची मोठी बहीण. तिला सगळेच ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणते. मूळचे आम्ही नागपूरचे, पण ताईची सगळी नोकरी दिल्लीतल्या एका शाळेत पीटी शिकवण्यात गेली. रिटायर झाल्यावर शिट्टी सुटली, आवाज तेवढा राहिला. तिचे मिस्टर जाऊन बरीच वर्षं झालीत, मुलगा बंगळुरूला असतो, आणि ताई एकटी, मजेत, सबंध सोसायटीला शिस्त लावत राहते.

स्कूबाचं खूळ तिचंच. नोएडाच्या एका स्विमिंग पूलमध्ये नेव्हीतून रिटायर झालेले एक कोच शिकवतात, असं तिने कुठेतरी वाचलं आणि मला म्हणाली, ‘चल, नाव घालू.’ तिची साठी उलटलेली, माझी पन्नाशी. मी म्हटलं, ताई, आपण पाठीवर टाकी लावून कुठे जाणार, हिंडन नदीत? ती म्हणाली, ‘तू आधी पोट आत घे, मग बोल.’ गेलो. शिकलो. पासही झालो, आणि मग वर्षभर दर रविवारी त्याच पूलच्या तळाशी जाऊन त्याच निळ्या फरशा बघत बसलो. आमच्याबरोबरची मंडळी अंदमानला जाऊन कासवांचे फोटो टाकायची. आमच्या फोटोत फरशी, फरशी आणि एखाद्याचा पाय.

मग एकदा ताई आमच्या बुद्धविहारातल्या बायकांबरोबर मानेसरच्या पुढच्या एका तळ्यावर सहलीला गेली आणि परत आली ती पेटूनच. चप्पल काढायच्या आधी बोलायला लागली. ‘तळं नाही ते, घंटागाडी आहे. काठावरचं तर आहेच, पण लोक आत फेकतात, आणि आत फेकलं की त्यांना वाटतं गेलं. गेलं कुठे? आणि आपण पाठीवर टाक्या लावून फरशा बघतो. लाज नाही वाटत?’ मला वाटत नव्हती, पण तसं तिच्यासमोर म्हणायची हिंमत माझ्यात नाही. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून परवानगीसाठी फोन लावत होते.

कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कसा सरकवायचा हे मला चांगलं कळतं, त्यामुळे परवानगी निघाली. कोचने अटी घातल्या: तळ्याच्या उथळ बाजूलाच उतरायचं, काठावर डॉक्टर आणि एक तयार पाणबुड्या हवा, आणि आधी पूलमध्ये रंगीत तालीम. पाण्यात उतरायला आमच्या रविवारच्या बॅचचे लोक होते: दिल्लीत बदलून आलेले मराठी अधिकारी, दोनतीन कारकून, आमच्या भोजनकक्षातला एक मदतनीस, गुडगावची आयटीतली पोरं आणि एक डेंटिस्ट. काठावरचा कचरा उचलायला माणसं लागणार होती. ती मी विहारात मिळवली. रविवारी वंदना संपल्यावर उभी राहिले, तळ्याचं सांगितलं, निसर्गाचं सांगितलं, पुढच्या पिढीचं सांगितलं, आणि चार हात वर आले. मग सांगितलं की सकाळी तर्रीपोहे आहेत. त्यानंतर मला नावं घेणं बंद करावं लागलं.

राहिल्या जोड्या. पाण्याखाली कुणी एकटं जात नाही. प्रत्येकाला एक जोडीदार असतो, त्याला बडी म्हणतात. दोघांनी एकमेकांकडे लक्ष ठेवायचं, एकाची हवा संपत आली की दोघांनी वर यायचं. कोच म्हणाले, ‘जोड़ियाँ आप बना दीजिए मैडम, आपका तो रोज़ का काम है.’ मी बसले आणि हातासरशी लावून टाकल्या, खोल्या लावतो तशा. पदाप्रमाणे. सहसचिवाबरोबर सहसचिव, अवर सचिवाबरोबर अवर सचिव, कारकुनाबरोबर कारकून. त्यात काही चुकतंय असं मला वाटलंसुद्धा नाही, कारण आमच्या इमारतीत आजवर कुणी याहून वेगळं झोपलेलं नाही.

तालमीच्या दिवशी मी घरून धुतलेली चिप्सची पाकिटं, बाटल्या आणि नवऱ्याची जुनी चप्पल नेली आणि पूलमध्ये टाकली. कोचने शिट्टी वाजवली. कुणी हललं नाही. दोन्ही सहसचिव नोकरीतही एकाच बॅचचे, कुणीच वरिष्ठ नाही, त्यामुळे ते कडेला तरंगत एकमेकांना ‘तुम्ही व्हा पुढे’ करत होते. ते खाली गेल्याशिवाय अवर सचिव जाईनात, अवर सचिवांच्या आधी कारकून जाईनात. सगळे टाक्या, मास्क आणि पायात रबरी फिन्स लावून ओळीने पाण्यावर बुडबुडे सोडत उभे. कोच कपाळाला हात लावून म्हणाले, ‘मैडम, ये गोताखोर हैं कि बाराती?’ शेवटी ताईने वरून ‘एक साथ नीचे’ असा शाळेतला आवाज दिला तेव्हा सगळे बुडाले. मी मास्क लावून बघितलं तर दोन्ही सहसचिव तळाशी समोरासमोर उभे आणि दोघंही एकाच बाटलीकडे बोट दाखवतायत. बोट दाखवल्यावर बाटली उचलली जाते, एवढाच त्यांचा आजवरचा अनुभव. मला पाण्याखाली इतकं हसू आलं की मास्कमध्ये पाणी शिरलं आणि मी खोकत वर आले.

मग मी जोड्या मोडल्या आणि घोरण्याप्रमाणे लावल्या. हसू नका. दिल्लीत बदलून आलेला माणूस घर मिळेपर्यंत महिनोन् महिने आमच्याकडे राहतो, त्यामुळे कोण कसा घोरतो हे मला त्याच्या बायकोइतकंच माहीत असतं. ज्याचा श्वास दांडगा तो टाकीतली हवाही भराभर संपवतो, असा माझा हिशेब. दांडग्याबरोबर दांडगा लावला की दोघांची हवा एकदमच संपणार, कुणाला कुणासाठी अर्ध्यातून वर यायला नको. एका सहसचिवांच्या वाट्याला भोजनकक्षातला मदतनीस आला. दोघं इतके जमले की नंतर सुट्टीच्या दिवशीही बरोबर दिसायला लागले. कोच म्हणाले, ‘लॉजिक तो है.’ मी ते घरी जाऊन तीनदा सांगितलं.

ताईबरोबर मात्र कुणी यायला तयार नव्हतं. डेंटिस्ट म्हणाला, मला ताईंबद्दल फार आदर आहे, आणि विषय बदलला. आयटीतली पोरं मोबाइलमध्ये बघायला लागली. मी इकडेतिकडे बघत उभी, तोवर ताईच म्हणाली, ‘काय शोधतेस? मी आहे, तू आहेस.’ नणंद-भावजय एका दोरीला बांधायची कल्पना जगात दुसऱ्या कुणाला सुचली नसेल.

दोरी खरीच होती. तळ्यातलं पाणी गढूळ, त्यात काही दिसणार नाही, म्हणून कोचने आमच्या मास्कवर काळी पट्टी लावून तालीम घेतली. जोडीजोडीला हातभर दोरीने बांधायचं आणि हिसक्यांनी बोलायचं. एक हिसका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे थांब. तीन म्हणजे वर चल. बस, एवढीच भाषा. पण ताई आणि मी तिच्यातसुद्धा भांडलो. मी तीन दिले की ती दोन द्यायची. मी पुन्हा तीन, ती पुन्हा दोन, आणि मग ती मला फरशीवरून फरफटत न्यायला लागायची, माझे गुडघे सोलून निघाले. वर आल्यावर मी म्हटलं, ताई, तीन म्हणजे वर. ती म्हणाली, ‘तुला सारखंच वर यायचं असतं. स्वयंपाकघरात पण दोन मिनिटं टिकत नाहीस.’

आमचे असे हसण्याचे दिवस चालले होते आणि मधेच ताईचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, आला. फॅमिली ग्रुपवर नवऱ्याने ताईचा काळ्या रबरी सूटमधला फोटो टाकला होता, तो बघून. मुलगा वाईट नाही हो, बिल्कुल नाही. दोन वर्षं तो एकच म्हणत होता: आई, गाझियाबादचा फ्लॅट विकून टाक, माझ्याकडे ये, तुझ्यासाठी वेगळी खोली केलीय, खाली बाग आहे. काळजीनेच म्हणायचा. पण यावेळी त्याने ताईला न विचारता ब्रोकरला फोन केला होता, आणि एक नवराबायको येऊन ताईच्या ओट्याची मापं घेऊन गेले होते. ताई घरातच होती. तिनेच त्यांना चहा केला आणि ते गेल्यावर तडक आमच्याकडे आली.

रात्रीचं जेवण आमच्या टेबलावर होतं, मी सांबारवडी, म्हणजे आपली नागपुरी कोथिंबिरीची वडी, केली होती. भाचा म्हणाला, ‘आई, या वयात हे डायव्हिंग वगैरे, यार, काही झालं तर? म्हणूनच म्हणतो चल.’ ताईने ताट बाजूला सारलं. ती शांत आवाजात बोलते तेव्हा आम्ही सगळे घाबरतो, आणि ती शांत आवाजात बोलली. ‘मी तळ्यात खाली जाते आणि माझी मी वर येते. आले, तर फ्लॅटचं नाव पुन्हा काढायचं नाही. मला ओढून काढावं लागलं, तर त्याच दिवशी बॅग भरते.’ नवऱ्याच्या तोंडातली वडी तोंडातच राहिली. भाचा म्हणाला, ‘डन.’ ताई म्हणाली, ‘डन.’

आणि मी माझ्या मनगटाकडे बघितलं, कारण दोरीचं दुसरं टोक तिथे असणार होतं. मी घाबरून वर आले तर ताईला वर यावं लागणार. म्हणजे तिचं घर राहणार की जाणार हे माझ्या श्वासावर आलं. ताई माझं डोकं खाते. माझ्या पडद्यांच्या रंगापासून माझ्या चालण्यापर्यंत तिला सगळ्यात खोट दिसते. पण त्या टॉवरमध्ये तिच्या बाल्कनीत दुसऱ्याच कुणाचे कपडे वाळतायत, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मला भयंकर राग आला. भाच्याचा, ब्रोकरचा, ओट्याच्या मापांचा. ताई जायला नको होती मला, साधी गोष्ट आहे. दुसऱ्या दिवसापासून मी बाथरूममध्ये बादलीत तोंड बुडवून श्वासाचा सराव करायला लागले. नवरा दारावर टकटक करून विचारायचा, ‘जिवंत आहेस ना?’

शनिवारी सकाळी आमची बस गाझियाबादहून निघाली, सबंध दिल्ली ओलांडून मानेसरला पोचली तेव्हा कारखान्यांच्या बसेस पहिल्या पाळीची माणसं उतरवत होत्या. ती माणसं आमच्याकडे बघत राहिली. त्यांचंही बरोबर आहे. डोंगर आणि बाभळीच्या त्या मुलखात बसच्या खिडकीतून फिन्स बाहेर आलेले रोज दिसत नसणार. तळ्यावर पोचताच काठावरच्या मंडळींनी पोह्यांचे डबे उघडले. उतरणाऱ्यांनी पोटभर खायचं नाही असा कोचचा नियम, त्यामुळे आम्हाला एकेक केळं. दोन्ही सहसचिव तर्रीच्या वासाने अर्धमेले होऊन तळ्याकडे तोंड करून उभे राहिले.

पाणी हिरवट मातकट. हात बुडवला की कोपराखालचा दिसेना. खोल फार नव्हतं, एका माणसाच्या खांद्यावर दुसरा उभा केला तर वरच्याची बोटं बाहेर आली असती. पण तळ दिसत नसला की उथळ पाणीही खोलच वाटतं. प्रत्येक जोडीतल्या एकाला काठापर्यंत एक लांब दोरी, ती काठावरच्या माणसाने धरायची, मधूनमधून एक हिसका देऊन विचारायचं, आतून एक हिसका आला की ठीक. उत्तर आलं नाही तर ओढून घ्यायचं. आमची लांब दोरी ताईच्या कमरेला. तिचं दुसरं टोक धरायला भाचा पुढे आला.

मी भडकले. ‘याच्या हातात? ओढावं लागलं तर जिंकणार हाच आहे.’ कोच ताईकडे बघायला लागले. ताई म्हणाली, ‘असू दे. दुसऱ्या कुणाला दिली तर उद्या म्हणेल तुम्ही मिळून फसवलंत.’ आणि भाच्याला म्हणाली, ‘दोन मिनिटांनी एकदा विचारायचं. जास्त नाही.’ मग माझ्याकडे वळून, ‘चल गं,’ आणि आम्ही उतरलो.

आत गेले आणि काळोख झाला. डोळे उघडे असोत की मिटलेले, सारखंच. पहिले काही श्वास मी मोजून घेतले आणि मग माझा हात एका मऊ, गुळगुळीत गोष्टीला लागला आणि मी जवळजवळ गेलेच, पण ती चुनरी निघाली. मग एक बाटली. मग नारळ. मग पुन्हा बाटली, बूट, पाकिटं, पाकिटं, पाकिटं. बोटांना ओळख पटायला लागली. ही चमचे बांधलेली पिशवी, हा पिचकारीचा पुढचा भाग, हे काय बाई, हे तर आख्खं मोटारीचं बंपर. तेवढ्यात शेजारच्या जोडीलाही ते सापडलं आणि आमच्यात खेचाखेच झाली. ताईने दोरी अशी हिसकली की समोरच्यांनी बंपर सोडलंच. ते दोघं एक सहसचिव आणि त्यांचा मदतनीस होते, हे नंतर कळलं. मी नळी तोंडात धरून हसत होते. भीती कधी गेली मला कळलं नाही. मी कचऱ्यात होते, चिखलात होते, काही दिसत नव्हतं, आणि मला इतकं छान किती दिवसांत वाटलं नव्हतं.

भाचा मात्र वरून दर दोन मिनिटांनी नाही, सारखा विचारत होता. हिसका. ताईचं उत्तर. हिसका. उत्तर. हातभर दोरीवरून ताईचं वैतागणं माझ्यापर्यंत पोचत होतं. मग एकदा हिसका आला आणि ताईने उत्तर दिलं नाही. पुन्हा आला, तरी नाही. माझ्या लक्षात आलं की आमची दोरी हलत नाहीये. ताई पुढे जात नव्हती. एकाच जागी होती.

मी दोरी धरून तिच्याकडे सरकले. माझ्या हाताला एक पाय लागला. बारीक, ताठ, थंड. शेजारी दुसरा. मग तिसरा, चौथा. मला वाटलं मेलेली बकरी. मी किंचाळले, पण तोंडात नळी असताना किंचाळलं की नुसतेच बुडबुडे येतात. मग हात वर नेला, तर रबरी गुडघा लागला. त्यावर दुसरा गुडघा. पायावर पाय टाकलेला. ती प्लास्टिकची खुर्ची होती, हातवाली, लग्नाच्या हॉलमध्ये असते तशी, आणि तळ्याच्या तळाशी ती सरळ उभी होती, आणि तिच्यावर माझी नणंद बसली होती.

मी घाबरून तिच्या छातीवर हात ठेवला. श्वास चालू होता, अगदी सावकाश. मी तीन हिसके दिले. तिने दोन दिले. मी पुन्हा तीन. तिने दोन दिले, आणि माझा हात धरून खुर्चीच्या हातावर ठेवला. तेव्हा मीही तिच्या पायाशी चिखलात बसून राहिले. काय करणार.

मग लांब दोरी ताणली गेली. भाचा ओढत होता. आधी ताई, मग खुर्ची, मग मी, असे तिघं एकामागून एक काठाकडे घसरायला लागलो, आणि मला एवढंच सुचत होतं की हरलो, घर गेलं, संपलं. ताईने एका हातात धरलेली खुर्ची सोडली नाही. दुसऱ्या हाताने लांब दोरी पकडली आणि जोरात हिसके दिले. एक. दोन.

दोरी सैल पडली. मला खरं वाटेना. मी वाट बघत राहिले की आता पुन्हा ताणेल, आता ताणेल. ती तशीच सैल राहिली. ताई आणखी जरा वेळ बसली, मग तिने मला तीन हिसके दिले आणि आम्ही आपल्या पायांनी, आपल्या श्वासाने, मधे खुर्ची धरून वर आलो.

उन्हात डोळे उघडले तर भाचा ऑफिसच्या बुटांसकट गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याच्या मागे कोच, आणि मास्क लावून तयार असलेला पाणबुड्या. कोचने मला नंतर सांगितलं की बुडबुडे एकाच जागी येत होते, दोरीला उत्तर नव्हतं, काठावरची सगळी माणसं ‘खींचो यार, खींचो’ करत होती. भाच्याने ओढायला सुरुवात केली. मग दोन हिसके आले, आणि तो थांबला. लोक ओरडत राहिले, तो हलला नाही. ‘माँ ने बोला है रुक,’ एवढंच म्हणत होता.

ताईने खुर्ची काठावर ठेवली, शेवाळ पुसलं आणि तिच्यावर बसली. काठावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

‘तू उत्तर का देत नव्हतीस?’ भाच्याचा आवाज फाटला होता.

‘दिलं की. थांब म्हटलं.’

‘त्याच्या आधी.’

‘त्याच्या आधी तू किती विचारत होतास? तब्येत कशी, जेवलीस का, गोळी घेतलीस का. दोरीवर पण तेच.’

‘मग बसलीस कशाला तिथे?’

‘हाताला खुर्ची लागली, बसले. किती शांत होतं माहीत आहे? कुणी काही म्हणजे काही विचारत नव्हतं.’

भाचा हसायला गेला आणि रडला. चांगला चाळिशीचा माणूस, खाली मातीत बसला आणि पोरासारखा रडला. म्हणाला, ‘मला वाटलं गेलीस.’ ताईने हातमोज्याने त्याचे डोळे पुसले, त्यामुळे त्याच्या तोंडाला चिखल लागला. मी उगीच बंपर कुठे ठेवलं ते बघायला गेले आणि लगेच परत आले, कारण पुढचं चुकवायचं नव्हतं.

‘नाही विकत फ्लॅट,’ तो म्हणाला. ‘ब्रोकरला आत्ता फोन करतो.’

‘ते तू करशीलच, हरलास तू,’ ताई म्हणाली. ‘मला दुसरं सांगायचंय. तू ऑफिसच्या कामाला गुडगावला येतोस, हॉटेलात उतरतोस. माझ्याकडे दोन तास येतोस. माझ्या गोळ्या बघतोस, गीझर बघतोस, घड्याळ बघतोस आणि जातोस. तसं नको येऊस. राहायला ये. माझं काही बघायला नको. नुसता ये.’

तो दोरी हातात गुंडाळत बसला होता. मग विचारलं, ‘आज आलो तर चालेल?’

‘चालेल,’ ताई म्हणाली, आणि माझ्याकडे बघून, ‘काय उभी राहिलीस, पोहे शिल्लक आहेत का बघ.’

पोहे शिल्लक नव्हते. दुपारपर्यंत काठावर कचऱ्याचे ढीग लागले आणि ते ढीग कुणी किती काढले यावरून दोन्ही सहसचिवांची जुंपली. शेवटी प्रत्येकाने आपापल्या जोडीदाराची बाजू घेतली आणि मदतनीस दोघांची समजूत घालत राहिला. परतीच्या बसमध्ये सगळ्यांच्या अंगाला वास मारत होता, आणि सगळे गात होते. भाचा ताईच्या शेजारी बसला होता. त्याची बॅग हॉटेलातून आणायला आम्ही बस गुडगावात थांबवली. तो लॉबीत चिखलाच्या बुटांनी शिरला तेव्हा आम्ही खिडकीतून बघत होतो.

रविवारी सकाळी माझं अंग असं दुखत होतं की कप उचलवेना. मी चहा घेऊन बसले होते आणि फोन वाजला. ताई. पण आवाज येईना. मी हॅलो हॅलो करत राहिले, मग कान लावून ऐकलं तर ती कुजबुजत होती. इतक्या वर्षांत मी तिला कुजबुजताना ऐकलं नव्हतं.

‘आज फोन करू नकोस हं,’ ती म्हणाली. ‘तो झोपलाय.’

‘ताई, मी कुठे केला? तुम्हीच केलात.’

पलीकडे दार हळूच ओढून घेतल्याचा आवाज आला.

‘हो,’ ती म्हणाली. ‘सांगायलाच केला. हॉलमध्ये गादी टाकून झोपलाय. दहा वाजून गेले, अजून उठला नाही.’